विजयमालाबाईंचा गुडघा

विजयमालाबाई सोमवारी डाव्या पायाने लंगडल्या आणि बुधवारी उजव्याने. त्यांच्या समोरच्या इमारतीच्या पायरीवर मी सकाळी बसतो, म्हणून हे माझ्या लक्षात आलं. गल्लीत आणखी कुणाच्या आलं नाही. लंगडणाऱ्या माणसाच्या पायाकडे लोक बघत नाहीत, तोंडाकडे बघतात, आणि तोंड त्यांनी बरोबर केलं होतं.

मी कारखान्यात घणाजवळ काम केलं. तिथे एखादा माणूस दुखतंय म्हणून हलकं काम मागायला लागला की खरं-खोटं ओळखावं लागे, नाहीतर त्याच्या वाटचं दुसऱ्याला उचलावं लागे. खरा लंगडणारा दुखऱ्या पायावर कमी वेळ थांबतो. विजयमालाबाई दोन्ही पायांवर सारख्याच थांबत होत्या आणि नुसती कंबर हलवत होत्या. खोटं लंगडणं खऱ्यापेक्षा कष्टाचं असतं. हे कष्ट त्या का घेत होत्या, ते सांगतो.

त्यांचं माहेर खडकवासल्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, एका लहान गावात. घरची विहीर दगडात बांधलेली, पायऱ्यांची. वडिलांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्यांना लहानपणीच पाण्यात सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. मग भावाच्या बरोबरीने त्या काठावरून मुटका मारायच्या, गुडघे पोटाशी धरून, पाणी वरच्या पायरीपर्यंत उडेल असा. दमलं की उताणं पडायचं. विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ दिसायचं. कान पाण्यात बुडालेले, त्यामुळे आईच्या हाका ऐकू यायच्या नाहीत. हे सगळं त्यांनी माझ्या बायकोला अनेकदा सांगितलं आहे. दर वेळी हाका ऐकू न येण्यापाशी जरा थांबतात.

त्या भागात मुलींनी पोहायला कुणाची ना नसे. पण ती गावच्या लेकींना. सुनेने सासरच्या पाण्यात उतरायचं नाही. माहेरी आलेली लेक साडी खोचून विहिरीत उडी टाकेल आणि तिची वहिनी काठावर बसून तिचेच कपडे धुवेल. हे कुणी कुणाला सांगत नाही. सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्या लग्न होऊन वारज्यात आल्या. तेव्हा वारजे गाव होतं. मी पोटासाठी विदर्भातून आलो आणि यांच्याच घरामागच्या खोल्यांत भाड्याने राहिलो, म्हणून पुढचं मला पाहून ठाऊक आहे. घरामागे यांचीही विहीर होती. विजयमालाबाई तिच्या काठावर रोज घरभराचं धुणं धूत. गावातली पोरं वरून उड्या टाकत आणि धुणाऱ्या बायका भिजत. बाकीच्या बायका पोरांच्या आईबापांचा उद्धार करत. विजयमालाबाई काही बोलत नसत. तोंड पुसतही नसत. धुणं पिळून झालं तरी बसून राहत, आणि आतून सासूबाईंची, दुर्गाबाईंची, हाक आली की मग उठत.

पुढे माहेरी जाणं कमी झालं. भावाने तिथल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. मग वारजे शहरात आलं, शेतं बिल्डरला गेली आणि घराच्या जागी इमारत उठायची ठरली. विहीर बुजवली त्या दिवशी मी घरी होतो. डंपरने मुरूम ओतला की पाणी वर यायचं. परत ओतला की परत वर. अपेक्षेपेक्षा बराच जास्त मुरूम लागला. विजयमालाबाई पदर दाताखाली धरून उभ्या होत्या. पाणी दिसायचं थांबलं तेव्हा आत गेल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी पाण्याचं नाव काढलं नाही. मुलगा विक्रम मोठा झाला, त्याचं लग्न झालं. सून श्रद्धा हिंजवडीला कंपनीत जाते. नात राजनंदिनी सात वर्षांची झाली, आणि श्रद्धाने तिला पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर शिकायला घातलं. मुलीला न्यायचं-आणायचं काम आजीकडे आलं.

पहिल्या दिवशी विजयमालाबाई बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशी बाक सोडून काठाच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. आठवड्याने राजनंदिनीने घरी येऊन सांगितलं, "आजी ना, मी पोहते तेव्हा तिकडे उभं राहून हात हलवते. टीचरने विचारलं, हू इज दॅट लेडी?"

श्रद्धा हसली. सासूकडे बघितलं आणि हसायची थांबली.

"आई, तुम्हाला पोहता येतं?"

"यायचं."

"मग या ना. सकाळी लेडीज बॅच असते. फक्त बायका."

विजयमालाबाईंनी रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याला विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच होतं, पण विचारण्यासारखं. रंगनाथराव माणूस वाईट नाही. त्यांना फक्त भावकीची भीती वाटते. गल्लीत दर तिसरं घर चुलत्याचं, त्यात चुलतभाऊ यज्ञेश्वर थट्टेखोर.

"या वयात?" ते म्हणाले. "अगं, लोक काय म्हणतील? यज्ञेश्वर कट्ट्यावर माझं काय करेल?"

दुर्गाबाई खाटेवरून म्हणाल्या, "सुनंनं कापडं काढून पाण्यात उतरायचं. ह्ये एक ऱ्हायलं व्हतं."

"कपडे काढून नाही, आत्याबाई. पोहायचा पोशाख असतो."

"त्येच त्ये."

श्रद्धाने तोड काढली. ती डोकेबाज आहे, तिचा त्यात वाईट हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "आईंचे गुडघे दुखतात ना? माझ्या मैत्रिणीच्या मम्मीला ऑर्थोने सांगितलंय, वॉटर एक्सरसाइज बेस्ट आहे."

मग दुर्गाबाईंनी विचारलं, "दवा म्हनून?"

"हो आजी. दवाच."

"दवा म्हनून आसंल तर काय बोलायचं."

रंगनाथरावांचा चेहरा उजळला. विजयमालाबाईंचे गुडघे कधीच दुखत नव्हते. त्या तिथे उभ्या होत्या, त्यांनी श्रद्धाकडे बघितलं, आणि पाणी मिळतंय म्हणून हो म्हणाल्या. संध्याकाळी कट्ट्यावर रंगनाथराव आपण होऊन सांगत होते, "डॉक्टर म्हणाले, गोळ्यांपेक्षा पाणी चांगलं." डॉक्टर कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पोशाख आणायला विजयमालाबाई एकट्याच गेल्या. घरी सांगितलं, मंडईत जाते.

"वारज्यात भाजी संपली का?" रंगनाथरावांनी विचारलं.

"मेथी चांगली नसते इथे."

मंडईत मेथी घेऊन त्या चालत नारायण पेठेत गेल्या. तिथल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मालक वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी पोहायचा पोशाख मागितला.

"वय?"

"एकसष्ट."

"मुलीचं वय विचारलं."

"मलाच हवाय."

मालकांनी पेपर खाली ठेवला. "घालून बघता येणार नाही. परत घेतला जाणार नाही. बदलून मिळणार नाही."

"मी अजून रंगही विचारला नाही."

"निळा आणि काळा. दोन्ही ओले झाले की सारखेच दिसतात."

बाईंनी काळा घेतला. पैसे घेताना मालक म्हणाले, "टोपी लागेल. केसांना परवानगी नाही." मग जरा थांबून, "मागे पट्टी उलटी घालू नका, पाठीला काचते." हे सांगायची त्यांना गरज नव्हती. पोशाख मेथीच्या जुडीखाली घालून त्या बसने घरी आल्या.

पहिल्या दिवशी श्रद्धा सुट्टी काढून बरोबर गेली होती. तिने माझ्या बायकोला सांगितलं ते असं. आई शिडी धरून उतरल्या. कमरेएवढ्या पाण्यात थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. शिकवणारी बाई धावत आली, की आजी, इथेच कडेला धरून पाय मारा. आईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी गुडघे वाकवले, पुढे झुकल्या आणि गेल्या. मान वर, बेडकासारखे हात, पाण्याचा आवाज नाही. खोल भागात जाऊन वळल्या आणि उताण्या पडून राहिल्या. शिकवणारीने शिट्टी वाजवली. आईंना ऐकू आली नाही. शेवटी एका मुलीला आत पाठवून त्यांना काठाशी आणावं लागलं.

"छान वाटलं?" श्रद्धाने विचारलं.

"पाण्याला वास येतो औषधाचा. आणि तळ दिसतो." मग म्हणाल्या, "उद्या किती वाजता?"

हे झालं पोहण्याचं. पण गल्लीतून जायचं-यायचं होतं, आणि गल्लीला गुडघा ठाऊक होता. दुसऱ्याच दिवशी जाऊबाई विमलाबाईंनी गॅलरीतून विचारलं, "काय हो, आज सरळच चालताय? बरा झाला का?" तेव्हापासून त्या लंगडायला लागल्या. रंगनाथराव स्कूटरवरून तलावापर्यंत सोडत. येताना त्या चालत येत, आणि चौकाशी आल्या की लंगडणं सुरू करत. मी रोज बघायचो. पोहून आलेल्या माणसाचं अंग मोकळं असतं, पाऊल आपसूक लांब पडतं. ते आखडून घ्यायला त्यांना पोहण्याहून जास्त जोर लागत असणार.

भावकीने गुडघ्याची काळजी घ्यायची ठरवली. कुणी निर्गुडीचा पाला आणून दिला. कुणी गरम विटेने शेकायला सांगितलं. देवळातल्या कीर्तनाला सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या आणि यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली. खुर्चीत त्या सगळ्यांच्या डोक्यांवर एकट्या दिसत होत्या. हळदीकुंकवाला गेल्या तर वाकून नमस्कार करू देईनात. माझी बायको म्हणाली, "अहो, बाईंना दोन महिन्यांत म्हातारं केलं यांनी."

तरी तेही त्यांनी चालवून घेतलं असतं. श्रावण आला आणि अडलं.

यांच्या भावकीतल्या बायका श्रावणातल्या एका सोमवारी नीळकंठेश्वराला जातात. गाडी पायथ्याशी सोडायची आणि डोंगर चढायचा. चढण खडी आहे, पावसात निसरडीही. विजयमालाबाई लग्न झाल्यापासून जातात आणि पुढे असतात. वर पोहोचलं की खाली धरणाचं पाणी दिसतं, आणि हवा मोकळी असली तर त्यांच्या माहेरचा काठही. माहेर आता त्यांना एवढंच उरलं होतं. वर्षातून एकदा, डोंगरावरून.

ठरवाठरवीची बैठक त्यांच्याच घरी झाली. माझी बायको गेली होती. विमलाबाई गाड्यांचं बघत होत्या.

"विजूताई खाली गाडीत बसतील. सामानाजवळ कुणी तरी पाहिजेच."

"मी चढणार आहे," विजयमालाबाई म्हणाल्या.

"अहो, आणि गुडघा?"

"हळू चढेन."

"छे छे. वर काही झालं तर तुम्हाला उचलून कोण आणणार? रंगनाथ भावजी आम्हाला बोलतील. तुम्ही गाडीतच बसा, आम्ही तुमच्या नावाचा बेल वाहतो."

विजयमालाबाई चहाचे कप गोळा करत होत्या. कप खाली ठेवले.

"माझ्या गुडघ्याला काही नाही. कधीच नव्हतं."

सगळ्या बघत राहिल्या. श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारात होती, ती तिथेच थांबली.

"काही नाही म्हणजे?" विमलाबाई म्हणाल्या. "मग पोहायला कशाला जाता?"

"आवडतं म्हणून."

"आवडतं म्हणून!" विमलाबाई बाकीच्यांकडे वळल्या. "मला पण दुपारी पाय पसरून झोपायला आवडतं. म्हणून मी काय गल्लीत खाट टाकू?"

"टाका की. मी उशी आणून देते."

एकदोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. विमलाबाईंनी पर्स उचलली. निर्गुडीचा पाला जिने आणला होता ती म्हणाली, "मी काट्यांतून तोडून आणला होता हो तो पाला." तिचं बरोबर होतं. विजयमालाबाई म्हणाल्या, "माझं चुकलं. पाल्याचं चुकलं. पोहण्याचं नाही." बैठक तिथेच मोडली.

संध्याकाळी कट्ट्यावर मीही होतो. रंगनाथरावांना अजून काही कळलं नव्हतं. यज्ञेश्वर आला आणि अगदी आदराने म्हणाला, "रंगनाथराव, तुमच्या त्या डॉक्टरांचा पत्ता द्या जरा."

"का रे?"

"आमच्या म्हशीला दाखवायचंय. तिलाही पाण्यात बसायला आवडतं, पण विनाकारण बसली तर लोक नावं ठेवतात."

कट्टा हसला. रंगनाथराव उठून घरी गेले. त्या रात्री काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर जिन्याखाली उभी होती आणि विजयमालाबाई हातात पिशवी घेऊन चालत निघाल्या. सरळ. चौकापर्यंत सरळ, गॅलऱ्यांखालून सरळ. तलाव तसा लांब आहे, वाटेत चढही आहे. जाऊन, पोहून, चालत परत यायचं, हे काम साधं नाही. मी मनाशी म्हटलं, चार दिवस जातील. पण त्या जातच राहिल्या. पाऊल हळूहळू लांब पडायला लागलं.

रंगनाथराव घरात बोलेनात. विजयमालाबाई दिसल्या की बायका गॅलरीत मागे सरत. श्रद्धाने एकदा म्हटलं, "आई, सॉरी. माझ्यामुळे झालं सगळं." त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे पाणी मिळालं. लंगडले मी."

नीळकंठेश्वराच्या सोमवारी गाड्या सकाळीच सुटल्या. विजयमालाबाईंना कुणी हाक मारली नाही. गाडीत सामानाजवळही नाही. त्या खिडकीतून बघत होत्या, हे मी खालून पाहिलं. चेहरा पाहवेना. मग पिशवी घेऊन खाली आल्या. नेहमीच्याच आवाजात मला म्हणाल्या, "दशरथ भावजी, आमच्या बाल्कनीच्या दाराची बिजागरी निखळलीय. वेळ असला तर बघाल का?" आणि पोहायला गेल्या.

मी दुपारी हत्यारं घेऊन गेलो. घरात दुर्गाबाई खाटेवर आणि विजयमालाबाई त्यांच्या पायांना तेल लावत बसलेल्या. बैठक मोडल्यापासून म्हातारी सुनेशी कामापुरतंच बोलत होती. मी बिजागरीचे जुने स्क्रू काढायला घेतले. गंजले होते, वेळ लागत होता.

"आजबी गेली व्हतीस?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"हो."

"ह्या टायमाला वर पोचल्या असत्याल सगळ्या."

"असतील."

"तुजं म्हायेर दिसतं न्हवं तिथनं?"

"हवा मोकळी असली तर." विजयमालाबाईंनी बाटलीतून तेल हातावर घेतलं. "आज ढग आहेत. दिसलं नसतं."

ढग नव्हते. दुर्गाबाईंच्या खाटेजवळ खिडकी आहे. त्यांनी बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "पाय लागत न्हाई खाली, तवा जीव घाबरत न्हाई?"

"कुठे?"

"पान्यात गं."

विजयमालाबाईंचा हात थांबला. "नाही. नाही घाबरत."

"आमच्या वाडीला हंडाभर पान्यासाठी डोंगर उतरावा लागायचा. जेजुरीच्या अंगाला. पेरणीचं पानी वरून पडंल तेवढंच. इथं आले तर हीर, पन मी सून. मी कदी गुडघ्याच्या वर पान्यात गेले न्हाई." जरा थांबून, "आंग जड लागतं का?"

"नाही आत्याबाई. अंग लागतच नाही."

"लागत न्हाई म्हंजी? जातं कुटं?"

विजयमालाबाईंनी हात पुसले, खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हाताऱ्या बाईचा हात दोन्ही तळव्यांवर घेतला. कोपराखाली एक, मनगटाखाली एक.

"सैल सोडा."

"सोडलाय की."

"नाही सोडला. तुम्हीच धरलाय वर."

"सोडलाय म्हनते ना."

मला दारापासून दिसत होतं. दुर्गाबाईंच्या खांद्याची शीर ताठ होती. उभ्या जन्मात त्यांनी हात कधी दुसऱ्याच्या हवाली केला नसावा. विजयमालाबाईंनी तळवे तसेच ठेवले. हात धरून ठेवणं सोपं वाटतं. तसं नसतं. थोड्या वेळाने खांदे भरून येतात. त्यांनी हात हलू दिला नाही.

मग शीर बसली. हाताचा सगळा भार तळव्यांत आला. विजयमालाबाईंनी तो जरा उचलला, जरा खाली नेला, परत उचलला, पाणी उचलतं तितपत.

दुर्गाबाईंनी डोळे मिटले.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. आणि मग, "थांबू नगंस. धर आजून जरा."